आधी नालबंद

मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी जे लिहून ठेवले आहे ते वाचताना ठाणेकर थोडा ओशाळतो आणि थोडा खूशही होतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस पोलो हिंदुस्थानच्या किनाऱ्याने गेला. त्याच्या वृत्तान्तातले ‘ताना’ म्हणजे आपले ठाणे. इथल्या राजाने म्हणे चाच्यांशी संगनमत केले होते. गलबते लुटा, माल सगळा तुमचा, घोडे तेवढे माझे. कारणही पोलोने दिले आहे: राजाच्या पदरी स्वतःचे घोडे नव्हते, आणि पश्चिमेकडून हिंदुस्थानात येणारे एकही जहाज घोडे भरल्याशिवाय निघत नसे. राज्य होते, बंदर होते, करवसुली होती. अडले होते ते एका परदेशी, वेगवान आणि भलत्याच महाग चीजेवाचून.

पोलोची खरी मोलाची नोंद मात्र तमिळ किनाऱ्यावरच्या ‘माबार’ प्रांताविषयी आहे. तिथला राजा दरसाल दोन हजारांहून जास्त घोडे विकत घेई, त्याचे भाऊही घेत, आणि वर्ष सरता सरता त्यांतले शंभरसुद्धा जिवंत राहत नसत. घोड्याचे कसे करावे हे कोणाला ठाऊक नव्हते. शिजवलेला भात आणि मांस त्यांच्यापुढे ठेवीत. नालबंद तर नव्हतेच. घोडे विकणारे व्यापारी नालबंद बरोबर आणीत नसत आणि दुसऱ्या कोणाला आणूही देत नसत. घोडे जगले तर पुढच्या वर्षी विकायचे काय? पोलो आकडे सैल हाताने मांडतो, हे त्याचे चाहतेही कबूल करतात. शंभराचे पाचशे असतील. पण कारण इतके व्यवहारी आहे की ते त्याने मनाने रचले असेल असे वाटत नाही.

खाडीकाठी आपले घोडबंदर आहे. अरबी घोडे तिथे उतरत म्हणून ते नाव पडले असे सांगतात. पोर्तुगीजांनी तिथे किल्ला बांधला आणि १७३७च्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. त्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता टॉवर उभे आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या पोडियमवर, अंगावर मऊ कापडाची झूल घालून, इटलीहून आणि जर्मनीहून जहाजाने आलेल्या गाड्या उभ्या असतात. जहाजे लागण्याची जागा बदलली. माल फारसा बदलला नाही.

हे सगळे आठवायचे कारण माझा भाचा. भिवंडीत गोदामे बांधून आणि भाड्याने देऊन त्याने बरे कमावले. यंदा त्याने एक इटालियन सुपरकार बुक केली आणि मला म्हणाला, ‘मामा, पहिलीच आहे. काय काय बघायचं ते सांग.’ आमच्या कुटुंबात मोटारीतला जाणकार म्हणून माझा लौकिक आहे, कारण वडिलांच्या फियाटचा कार्बोरेटर मी उघडून साफ करत असे. तेवढ्या भांडवलावर मी गेली कित्येक वर्षे सल्ले देतो आहे. रंग, सीटवरची शिलाई, आरटीओतला चॉइस नंबर, रंगावरची संरक्षक फिल्म (पीपीएफ) कोणाकडून लावायची, यावर त्याचे मित्र त्याला पुरेसे सांगत होते. मी म्हटले, गाडी येईल तेव्हा येईल, आधी नालबंद बघ.

म्हणजे काय ते त्याला सविस्तर सांगावे लागले. या मॉडेलवर शिकून आलेले मेकॅनिक या भागात किती आहेत, एक सोडून गेला तर दुसरा आहे का, हे शोरूममध्ये कॉफी पिताना विचारायचे. सर्व्हिसिंग किलोमीटरवर नसते, वर्षावर असते. गाडी पाचशे किलोमीटर चालली तरी वर्ष भरले की तेल बदलायचेच. वर्षातून एकदा गाडी मुंबईला न्यावी लागते, तर फ्लॅटबेड कोण पाठवणार, आणि त्याचा उतार इतका कमी आहे का की गाडीचे नाक न घासता चढेल? टोइंगवाला पुढची चाके उचलायला लागला तर त्याला कोण अडवणार? स्टेपनी या गाड्यांना नसते. मागचा एक टायर फुटला तर त्या मापाचा टायर देशात कोणाच्या गोदामात आहे? मुंब्रा बायपासवर रात्री अकराला गाडीने मान टाकली तर फोन उचलणारा माणूस कोण, त्याचे नाव काय? कंपनीचा टोल फ्री नंबर मला नको, नाव सांग. हे विचारल्यावर विक्रेत्याचा चेहरा जसा बदलेल त्यावरून बरेच कळते.

ठाण्याला हा शौक नवा नाही. पोखरण रस्त्यावर ज्यांची गिरणी होती त्या रेमंडचे गौतम सिंघानिया यांनी २००९मध्ये सुपर कार क्लब काढला; असल्या गाड्यांचा संग्रह आणि त्या पळवण्याचा अनुभव त्यांच्याइतका देशात फार थोड्यांकडे असेल. तेच २०२४मध्ये एका नव्या सुपरकारसकट अटल सेतूवर अडकून पडले आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितलेही. त्यांच्या हाताशी माणसे असतील. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याच्या हाताशी फक्त मॅन्युअल असते, आणि तेही गाडीतल्या स्क्रीनवर. स्क्रीन काळा पडला की तेही गेले.

माझे हे म्हणणे पोलोवरून आलेले नाही, कल्याण-शीळ रस्त्यावरून आले आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये काढलेली ही कंपनी. कुर्ल्याला फियाट आणि मग पद्मिनी बनवायची. नव्वदच्या दशकाच्या मध्यात तिने प्यूजोशी भागीदारी केली आणि आपल्या डोंबिवलीच्या कुशीत ३०९ नावाची फ्रेंच गाडी तयार होऊ लागली. गाडी उत्तम होती. बसायला ऐसपैस, रस्त्यावर ठाम. पद्मिनीला तिच्यापुढे उभे करणे म्हणजे चेष्टाच. दशक संपण्याआधी भागीदारी मोडली, प्यूजो निघून गेली, आणि ज्यांनी हौसेने ३०९ घेतली होती ते पुढे एकेका पार्टसाठी वणवण करत राहिले. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, ताकद जेमतेम चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्ती, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, उन्हाळ्यात चढावर थांबली की बॉनेट उघडून ओले फडके टाकायचे. तिचे उत्पादन थांबून वीस वर्षे उलटली तरी ती मुंबईत टॅक्सी म्हणून धावत होती. शेवटच्या टॅक्सीची मुदत २९ ऑक्टोबर २०२३ला संपली, तीही कायद्याने वयाची अट घातली म्हणून. पद्मिनी टिकली ती लोखंडाच्या गुणाने नव्हे. दर चौकात तिचा नालबंद होता. उल्हासनगरला तिचे पार्ट बनत, कुर्ल्याला मोडीत मिळत, आणि पान्ह्याने हात काळे झालेला कोणीही पोरगा तिचा पॉइंट सेट करून देई. तो कारखानाही आता उरला नाही. जागेला मात्र लोक अजून प्रीमियर म्हणतात आणि निवडणुकीत तिथे सभा होतात.

पांडव अज्ञातवासात विराटाकडे राहिले तेव्हा नकुलाने ग्रंथिक हे नाव घेऊन घोड्यांच्या देखरेखीची नोकरी धरली. राजपुत्र होता, पण खरारा करायला लाजला नाही, कारण ती विद्या त्याला येत होती. सुपरकारच्या मालकाने बूट उघडून पाना हाती घ्यावा असे मी म्हणणार नाही. हल्ली इंजिनावर झाकणच असे बसवतात की नकुलालाही लॅपटॉप लागेल. पण रविवारी सकाळी स्वतः टायरची हवा तपासावी, टायरवरची तारीख वाचावी, टोइंगची कडी बंपरच्या कोणत्या झाकणामागे बसते ते एकदा स्वतः बसवून पाहावे. ड्रायव्हरकडे सोपवून चालत नाही. दोनच सीटच्या गाडीत ड्रायव्हर ठेवला तर मालक जाणार पाहुण्यासारखा शेजारी बसून.

सभासदाने शिवाजी महाराजांच्या फौजेचा जो आराखडा लिहून ठेवला आहे त्यात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार सांगितला आहे, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. लढणाऱ्यांची शिरगणती मांडतानाच या दोघांची तरतूद केलेली आहे, मागाहून आठवण होऊन नव्हे. माबारच्या राजाकडे सोने जास्त होते, नालबंद नव्हता. बारगीर आणि शिलेदार हा भेदही मला भाच्यासमोर काढावासा वाटला: शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. भाच्याची गाडी त्याच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर येणार, तिच्यावर बँकेचे कर्ज, इन्शुरन्सच्या कागदावर बँकेचे नाव. तो स्वतःला शिलेदार समजतो. बँकेच्या दप्तरात त्याची नोंद बारगीर अशीच आहे. मी हे बोललो नाही. बहीण समोर बसली होती.

पावसाळ्याचे मात्र बोललो. सभासद सांगतो, पावसाळा आला की लष्कर छावणीला परत यायचे. घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा आधीच तयार असत. दसरा झाला की फौज बाहेर पडे. ठाण्या-कल्याणात असली गाडी ठेवायची तर याहून चांगले वेळापत्रक मला माहीत नाही. मृगाचा पहिला शिडकावा झाला की गाडी छावणीत, आणि दसऱ्याला झेंडूची माळ घालून सीमोल्लंघन. मधल्या काळात रस्ता दिसत नाही, पाण्याखालचे भगदाड दिसत नाही, आणि यांतल्या काही गाड्या हवा इतक्या खालून ओढतात की घोट्याएवढ्या साचलेल्या पाण्यातूनही वेगाने नेली तर इंजिनात पाणी शिरू शकते. पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या इन्शुरन्समध्ये हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचे वेगळे कलम घ्यावे लागते. आणि गाडी तळघरात असेल तर पाऊस तिथे चालत येतो. २६ जुलै २००५ ज्यांनी कल्याणात काढली त्यांना हे समजवावे लागत नाही.

छावणीतही गाडी नुसती झाकून ठेवायची नसते. उभ्या गाडीतले कॉम्प्युटर झोपेतही थोडी थोडी बॅटरी खात राहतात, म्हणून ट्रिकल चार्जर लावून ठेवायचा, आणि त्यासाठी पोडियमवर स्वतःच्या मीटरचा प्लग घ्यायचा. सोसायटीच्या मीटरवर लावलात तर पुढची वार्षिक सभा तुमच्यावरच होईल. टायरमध्ये हवा थोडी जास्त, आणि आठवड्याने गाडी वीतभर पुढे-मागे, म्हणजे टायरला एकाच जागी चपटेपणा येत नाही. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल ओलावा धरते. तीन-चार महिने ते टाकीत पडून राहू देऊ नये. कंपनीच्या पुस्तिकेत कोणते इंधन चालते ते शब्दशः वाचावे. १०० ऑक्टेनचे पेट्रोल इंडियन ऑइलने २०२०च्या डिसेंबरमध्ये आणले, ते मोजक्या पंपांवर मिळते. आणि उंदीर. युरोपातल्या कोणत्याही तज्ज्ञाने लिहिलेल्या मार्गदर्शनात उंदराला जेवढी जागा असते तिच्या दसपट इथे दिली पाहिजे. येऊरच्या डोंगरालगतच्या इमारतींत तो पावसात कोरड्या, उबदार जागेच्या शोधात येतो, आणि नुकतेच बंद केलेले इंजिन त्याला बाळंतिणीच्या खोलीसारखे वाटते. वायरिंगचा एक जुडगा बदलायला कधी कधी एका साध्या गाडीएवढा खर्च येतो.

आता रस्ता. सुपरकारचे पोट जमिनीपासून साधारण १०० ते १३० मिलिमीटर वर असते. आपल्याकडे गतिरोधक कसा असावा याचे मानक इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८मध्ये ठरवले: उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, वरचा बाक १७ मीटर त्रिज्येचा, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरने विनासायास जावी. वरवर वाटते की दहा सेंटीमीटरच्या उंचवट्यावर अकरा सेंटीमीटरची गाडी घासणारच. कागदावर आकृती काढा. पुढच्या-मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर असेल तर गाडी माथ्यावर असताना दोन्ही चाके त्याच बाकावर चढलेली असतात, आणि त्यांच्या मधला फुगवटा भरतो फक्त पाच सेंटीमीटर. म्हणजे शास्त्राने बांधलेला गतिरोधक सुपरकारलाही माफ करतो. आपण बांधतो तो शास्त्राने नसतो. एका रात्रीत, उरलेल्या डांबराचा, हातभर रुंद आणि वीतभर उंच असा तो उगवतो. बहुधा तिथे आदल्या आठवड्यात कोणीतरी पोर चाकाखाली आलेले असते. त्या बांधणाऱ्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

अशा गतिरोधकावरून गाडी कशी नेतात ते भाच्याच्या सोसायटीच्या फाटकाशी पाहण्यासारखे आहे. आधीच्याच एका रहिवाशाकडे अशी गाडी आहे. तो फाटकाच्या दहा पावले आधी थांबतो आणि बटण दाबतो. पोटातून घरघर येते आणि गाडीचे नाक चार-पाच सेंटीमीटर वर उचलले जाते. अजस्र बेडूक बसल्या जागी मान वर करतो तसे. मग गाडी तिरकी घालायची, म्हणजे एकेक चाक चढेल. तेवढ्यात वॉचमन दोन सेंट्रिंगच्या फळ्या घेऊन येतो. एक चढाला, एक उताराला. फळ्या लावून तो गुडघ्यावर बसतो, गाल जवळजवळ जमिनीला टेकवतो आणि पोटाखालच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते बघत हाताने खुणा करतो: या, या, डावीकडे, बस, आता सोडा. मागे दोन रिक्षा, एक दूधवाला, शाळेची बस. कोणी हॉर्न वाजवत नाही, कारण सगळ्यांना बघायचे असते. गाडी पार झाली की वॉचमन फळ्या केबिनमागे उभ्या करतो आणि वहीत वेळ लिहितो. त्याला हे कोणी शिकवले नाही. घोड्याची किंमत त्याला विचारू नका; घोडा कुठे लंगडतो हे त्याला पक्के ठाऊक आहे. भाच्याला मी सांगितले, गाडी आल्यावर पहिला पेढा याच्या हातावर ठेव, आणि नुसत्या पेढ्यावर भागवू नकोस.

महाभारतात युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे. द्रोणांना अश्वत्थाम्याबद्दल ते अर्धवट वाक्य ऐकवले आणि रथ खाली टेकला, इतरांच्या रथांसारखा. चार अंगुळे म्हणजे आजच्या हिशेबात साडेसात सेंटीमीटर. व्यासांना ग्राउंड क्लिअरन्सची पर्वा नव्हती हे मान्य. तरी ती कथा मला या संदर्भात सोडवत नाही. पुण्याच्या जोरावर ज्याला जमिनीचा स्पर्श होत नव्हता त्याला एका क्षणात सगळ्यांच्या रस्त्यावर यावे लागले. पैशाच्या जोरावर आपण घर वरच्या मजल्यावर घेतो, पाणी टँकरने आणतो, वीज जनरेटरने, हवा यंत्राने गाळून. रस्त्याला असा खासगी पर्याय नाही. फॉर्च्युनरसारख्या उंच गाड्या घेऊन लोक थोडी अंगुळे विकत घेतात आणि खड्डा कुठे पडला आहे हे विसरतात. सुपरकारवाल्याला ते विसरणे परवडत नाही. माझ्या मते या गाडीचा हा सर्वांत मोठा गुण आहे, आणि तो कोणत्याही जाहिरातीत नाही: महापालिकेने कापूरबावडीला पेव्हर ब्लॉक कसे बसवले आहेत हे ठाण्यातल्या श्रीमंत माणसाच्या पाठीच्या कण्याला कळवणारी ती एकच गाडी आहे.

अर्थशास्त्रज्ञ गालब्रेथने १९५८च्या आपल्या पुस्तकात एक कुटुंब रंगवले आहे. नवीकोरी, वातानुकूलित गाडी घेऊन ते फिरायला निघते आणि उखडलेल्या रस्त्यांवरून, कचऱ्यातून, घाण नदीकाठी सहलीला पोचते. तो अमेरिकेबद्दल लिहीत होता. पुढे १९६१ ते १९६३ तो भारतात राजदूत होता, म्हणजे खासगी संपन्नता नसलेली सार्वजनिक दुरवस्थाही त्याने पाहिली. आज दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. यावर सुपरकारवाल्याचे उत्तर ठरलेले असते: एवढा टॅक्स भरतो, रस्ता का नाही? भरतो हे खरे. पण महाराष्ट्रात आयात गाडीवर वीस टक्के मोटार वाहन कर असला तरी त्याला कमाल मर्यादा आहे. ती वीस लाखांची होती, २०२५मध्ये तीस लाखांची झाली. पाच कोटींच्या गाडीवर तीस लाख म्हणजे सहा टक्के. दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी घेणारा डोंबिवलीचा कारकून अकरा टक्के भरतो. रस्त्याविषयी तक्रार जरूर करावी, खड्ड्याचा फोटो महापालिकेला पाठवावा, पाठपुरावा करावा. फक्त ‘एवढा टॅक्स’ हे शब्द वगळून.

गाडी आली की पहिले हजार-दीड हजार किलोमीटर रनिंग-इनचे. आमच्या लहानपणी नव्या गाडीच्या मागच्या काचेवर तशी चिठ्ठीच असे आणि लोक समजून घेत, नव्या सुनेला समजून घ्यावे तसे. आजही रिंगा सिलिंडरला, गिअरचे दात एकमेकांना आणि ब्रेकचे पॅड डिस्कला सरावायला वेळ लागतोच. इंजिन अर्ध्या आवाक्याच्या वर फिरवू नये असे कंपन्या सांगतात. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा असतो, तो जाईपर्यंत पकड कमी. थंड टायर, सहाशे अश्वशक्ती आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचे बटण, ही तीन एकत्र आली की काय होते त्याच्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिल्या आहेत. ते बटण ट्रॅकवर दाबायचे असते. ट्रॅकवर जाऊन एखाद्या प्रशिक्षकाकडून शिकावे. यात कमीपणा काही नाही, उलट घोड्यावर बसायला शिकवणीच लागते.

किल्लीबद्दल मात्र मी आवाज चढवला. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना उडवले आणि दोघेही गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. गाडीची नोंदणीही पुरी झालेली नव्हती. बाल न्याय मंडळाने त्या मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, त्यावर देश खवळला आणि तो आदेश पुढे बदलला. निबंध लिहिणाऱ्या माणसाला तो आठवडा जड गेला. आम्ही जे आयुष्यभर करतो ते दोन जिवांच्या बदल्यात शिक्षा म्हणून दिले गेले, आणि लोकांनी ते हलके ठरवले, ते योग्यच ठरवले. भाच्याचा मुलगा दहावीत आहे. मी म्हटले, किल्ली तिजोरीत, आणि तिजोरीची किल्ली तुझ्या खिशात. ‘तो तसा नाही हो मामा,’ असे तो म्हणाला. मी त्यावर काही बोललो नाही.

आवाजाचे थोडक्यात. थंड इंजिन सुरू करताना ते गरजते. सकाळी सहाला पोडियमवर ते गर्जनेचे मिनिट सात मजल्यांना जागे करते. ठाणे या बाबतीत सहनशील गाव नाही. इथल्याच डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६मध्ये ध्वनिप्रदूषणाविरुद्ध सविस्तर आदेश दिले. सायलेन्सर बदलून आवाज वाढवणे हा गुन्हाच आहे. आणि गाडी घेऊन मामलेदारची मिसळ खायला जाऊ नये. तिथे पार्किंग कधीच नव्हते, आणि मिसळीचा कट उडालेला हात अल्कांटाराच्या स्टिअरिंगला लागला तर तो डाग कोणताही नालबंद काढत नाही. चालत जावे.

मग चालवायची कुठे? कालपर्यंत या प्रश्नाला उत्तर नव्हते. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा रस्ता आपल्याच जिल्ह्यातून, भिवंडी तालुक्यातून सुटू लागला. भाच्याच्या गोदामांपासून तो हाकेच्या अंतरावर आहे. तिथे वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर, घाटात त्याहून कमी. ही गाडी तेवढा वेग दुसऱ्या गिअरमध्ये गाठते, वर पाच गिअर शिल्लक. भाच्याला हे ऐकून वाईट वाटले. मला वाटत नाही. काँक्रीटच्या रस्त्यावर उन्हाळ्यात टायर तापतात, हवेचा दाब चढतो, तासन्‌तास सरळ रस्ता पाहून डोळ्यांवर झापड येते; तिथे १२०नेही मन जागे ठेवावे लागते. पहाटे निघावे, टायर थंड असतानाच हवा मोजावी, आणि कसाऱ्याची लोकल मागे पडली की घाईही सोडावी. डोंबिवली फास्टच्या दारात लटकून जो वाढला त्याला वेगाचे नावीन्य नसावे.

शेवटी तीन हात नाक्याचा सिग्नल आहेच. तिथे तो नव्वद सेकंद उभा राहील, शेजारी रिक्षा येईल, आणि रिक्षावाला मान बाहेर काढून या देशात प्रत्येक गाडीला विचारला जाणारा प्रश्न विचारेल: ‘साहेब, किती देते?’ भाचा म्हणाला, अशा वेळी लोक काच वर घेतात. मी म्हटले, काच खालीच ठेव आणि खरा आकडा सांग. शहरात चार, फार तर पाच. तो हसेल, बाजूच्या टेम्पोवाल्यालाही सांगेल. मग त्याची रिक्षा सीएनजीवर किती देते ते विचार, आणि कुठल्या गॅरेजमध्ये दाखवतो तेही विचारून ठेव.